हॅपी म्हणजे आनंदी की नशीबवान?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. तुमची लेक अकरावीला आहे, तिला इंग्लिशच्या प्रोजेक्टसाठी 'हॅपी' या शब्दाचा अर्थ आणि उगम लिहायचाय. त्यात घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय की हॅपिनेस हा हॅपनिंगवरून आलेला शब्द, म्हणून तो बाहेरच्या घटनांवर टिकून असतो आणि जॉय मात्र आतून येतो. हे खरं का, आणि ग्लॅड, मेरी, ब्लिस, चिअर हे सगळे एकच का, असं तुम्ही विचारलंय.

मी अनुवादाचं काम करते आणि त्याआधी बरीच वर्षं इथेच पुण्यात कॉलेजात इंग्लिश शिकवलंय, त्यामुळे हा फॉरवर्ड माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, दर नवीन वर्षाला येतो. त्यातलं अर्धं खरं आहे. गोची अशी की खरं अर्धं कोणी नीट सांगत नाही आणि खोटं अर्धं भाषणांमधून फिरत राहतं.

खरं काय ते आधी. इंग्लिशमध्ये 'हॅप' असा एक छोटासा शब्द होता. आज तो एकटा कोणी वापरत नाही, पण त्याची पिल्लावळ आपण दिवसभर तोंडात घोळवतो. हॅपन म्हणजे घडणं, परहॅप्स म्हणजे कदाचित, मिसहॅप म्हणजे दुर्घटना, हॅपलेस म्हणजे बिचारा करंटा, हॅपहॅझर्ड म्हणजे कसंही, वेडंवाकडं, ज्याला काही धरबंद नाही असं. ही सगळी एकाच घरातली मंडळी, आणि हॅपी त्यांचं सख्खं भावंड. हॅपचा अर्थ काय असं विचारलंत तर मी नशीब म्हणण्याआधी 'योग' म्हणेन. आपण म्हणतो ना, "यंदा पंढरीचा योग आला", "त्यांचा योगच वाईट होता", "योगायोगाने भेटलो". योग चांगलाही असतो, वाईटही असतो, आणि तो आपल्या हातात नसतो. हॅप नेमका तसाच. त्याला इंग्लिशचा तो शेवटचा ई लावला, जसा लकवरून लकी होतो तसा, की झालं हॅपी, म्हणजे ज्याचा योग चांगला तो. आता हॅप चांगला-वाईट दोन्ही आणि हॅपी फक्त चांगला, असं कसं, हे मुलं हमखास विचारतात. तर नशीब तरी चांगलं-वाईट दोन्ही असतंच की, पण नशीबवान म्हटलं की चांगल्या नशिबाचाच ना, फुटक्या नशिबाच्या माणसाला कोणी नशीबवान म्हणत नाही.

हा हॅप इंग्लिशचा घरचा नाही. तो आला नॉर्स भाषेतून, म्हणजे उत्तरेकडून जहाजं घेऊन इंग्लंडवर चाल करून आलेल्या आणि मग तिथेच शेतीभाती करून राहिलेल्या व्हायकिंग लोकांच्या बोलीतून. नवव्या ते अकराव्या शतकात हे सगळं चाललं होतं आणि त्यांनी इंग्लिशला दिलेले शब्द बघितलेत तर थक्क व्हाल: स्काय, एग, नाइफ, हजबंड, लॉ, अगदी 'दे' हे सर्वनामसुद्धा. विंडोपण त्यांचाच, अक्षरशः अर्थ 'वाऱ्याचा डोळा', आणि आपल्या संस्कृतात खिडकीला गवाक्ष, म्हणजे गाईचा किंवा बैलाचा डोळा! दोन्हीकडच्या लोकांना भिंतीतल्या भोकात डोळाच दिसला याची मला कायम गंमत वाटते. असो. हॅप लिखित इंग्लिशमध्ये दिसायला लागतो १२०० च्या आसपास, आणि हॅपी दिसतो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिथे त्याचा मुख्य अर्थ भाग्यवान, ज्याचं बरं चाललंय तो. खूश, समाधानी हा अर्थ त्याच सुमारास डोकवायला लागतो पण चांगला रुजतो सोळाव्या शतकात. हॅपिनेस हा नामशब्दसुद्धा सोळाव्या शतकातला आणि सुरुवातीला त्याचाही अर्थ सुदैव असाच होता.

म्हणजे फॉरवर्डमधलं एक वाक्य दुरुस्त करून घ्या. हॅपिनेस हॅपनिंगवरून आलेला नाही. दोघं हॅपची मुलं आहेत, एक दुसऱ्याचा बाप नाही.

मग हॅपी यायच्या आधी इंग्रज माणूस सुखी असताना स्वतःला काय म्हणत होता? त्याचे दोन-तीन शब्द होते, त्यातल्या एकाचं पुढे जे झालं ते वाचून तुमच्या लेकीला मजा येईल. जुन्या इंग्लिशमध्ये 'सेलिग' च्या जवळपास उच्चार असलेला एक शब्द होता, अर्थ सुखी, देवाची कृपा असलेला. हाच शब्द आजचा 'सिली'! देवाची कृपा असलेला तो निष्पाप, निष्पाप तो भाबडा, भाबडा तो दयेला पात्र, मग दुबळा, मग अक्कल नसलेला, असं घसरत घसरत सिली खाली आला. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'झेलिग' अजून वरच्याच पायरीवर उभा आहे, धन्य, परमसुखी अशा अर्थाने. आपल्याकडे भोळ्याचं तेच झालंय की, भोळा शंकर म्हणताना भक्ती असते आणि "फार भोळी आहे हो ती" म्हणताना काय असतं ते सुनांना विचारा.

बरं, हे नशिबाचं प्रकरण फक्त इंग्लिशपुरतं नाही. जर्मनमध्ये 'ग्ल्यूक' हा एकच शब्द नशीब आणि सुख दोन्हीला चालतो, डच भाषेतही तसंच, आणि इंग्लिशचा लक हा शब्द त्याच डच-जर्मन बाजूने पंधराव्या शतकात आलेला आहे, बहुधा जुगाऱ्यांच्या तोंडून. फ्रेंच माणूस सुखाला 'बॉनर' म्हणतो, त्यातला पहिला भाग चांगला आणि दुसरा भाग लॅटिनमधल्या शकुनाच्या शब्दावरून आलाय (रोममध्ये पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन बघणारे अधिकृत पुरोहित असत), म्हणजे सुख म्हणजे चांगला शकुन. ग्रीकमध्ये अॅरिस्टॉटल ज्याला 'युडायमोनिया' म्हणतो आणि इंग्लिशमध्ये ज्याचं भाषांतर सर्रास हॅपिनेस असं करतात त्याचे तुकडे पाडले तर पाठीशी चांगलं दैवत असणं असा अर्थ निघतो. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण रशियनचं. तिथे सुखाला 'श्चास्त्ये' म्हणतात, त्यातला 'चास्त' म्हणजे भाग, वाटा, आणि त्याच्या आधी लागलेला स म्हणजे बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते आपल्या सु चा भाऊ. सु अधिक भाग. अहो, म्हणजे सौभाग्य! शब्द वेगळे, बांधणी तीच. आपलं भाग्यही भागावरूनच आलंय आणि अरबीतून आलेल्या नशिबाचाही मूळ अर्थ वाटा, हिस्सा. जेवणाच्या पंगतीत कोणाच्या पानात काय पडलं, त्यावर सगळं. ज्याला वाटाच मिळाला नाही तो अभागी.

हे सगळं काय सांगतं? तर जुन्या लोकांच्या लेखी सुख ही मनात वाटण्याची गोष्ट नव्हतीच मुळी, ती माणसाच्या बाबतीत घडण्याची गोष्ट होती. पीक आलं, पोरं जगली, रोगराई आली नाही, राजाचं लष्कर शेतातून गेलं नाही, तर तो माणूस सुखी, मग त्याचा चेहरा कसा का असेना. जुना ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने एक गोष्ट लिहून ठेवलीय की लिडियाचा अतिश्रीमंत राजा क्रीसस अथेन्सच्या सोलोन नावाच्या शहाण्या माणसाला विचारतो, जगात सगळ्यात सुखी कोण, आणि त्याला वाटत असतं आपलंच नाव येणार, तर सोलोन म्हणतो मरेपर्यंत कोणाला सुखी म्हणू नका, फार तर नशीबवान म्हणा. आज आपण कोणाला सुखी आहेस का विचारलं तर तो आत्ताचं सांगतो, सोलोन अख्ख्या आयुष्याचा हिशोब मागत होता.

हा अर्थ आत कधी वळला? एका दिवसात नाही वळला, शब्द असे कूस बदलायला शतकं घेतात. सोळाव्या शतकापासून मनाचा अर्थ जोर धरतो, जुना अर्थ शेजारी नांदत असतोच. १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जीवन आणि स्वातंत्र्याच्या जोडीला सुखाच्या शोधाचा हक्क लिहिलाय, तिथेसुद्धा तो हॅपिनेस म्हणजे नुसतं खुशीत असणं नव्हे, त्या काळच्या वापरात सुस्थिती, भरभराट, नीट जगता येणं हे सगळं त्या शब्दात येत होतं. नशिबाने मिळणारी गोष्ट आता माणूस स्वतः मिळवायला निघाला, हा मात्र मोठाच बदल. आणि हल्ली दरवर्षी २० मार्चच्या सुमाराला पेपरात जो वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट येतो, ज्यात २०१८ पासून कित्येक वर्षं सलग फिनलंड पहिला आला आणि आपण फार खाली, तेव्हा लोक चिडून म्हणतात की फिनलंडचे लोक कुठे हसतात! पण त्या रिपोर्टची क्रमवारी हसण्यावर नाहीच. लोकांना शिडी कल्पायला सांगतात, शून्य ते दहा पायऱ्या, सगळ्यात चांगलं आयुष्य वरच्या टोकाला आणि सगळ्यात वाईट खाली, आणि विचारतात तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात. म्हणजे मनातल्या उकळ्या मोजत नाहीत, एकूण कसं चाललंय ते विचारतात. क्रीससला हे आवडलं नसतं, सोलोनला चाललं असतं.

आता फॉरवर्डचं दुसरं अर्धं. जॉय आतून येतो म्हणे. जॉय आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे तो आला लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्येही त्याचा अर्थ आनंद, हर्ष असाच. त्यात आत किंवा बाहेर असं काही नाही. उलट ब्रिटिश बोलीत एक वापर आहे तो या भाषणवाल्यांनी ऐकलेला दिसत नाही: "एनी जॉय?" असं कोणी विचारलं तर त्याचा अर्थ "झालं का काम? लागला का फोन?" एवढाच. "नो जॉय" म्हणजे नाही बुवा, हात हलवत परत आलो. म्हणजे ज्या जॉयला आतला म्हणून मखरात बसवलाय तो ब्रिटनमध्ये चक्क बाहेर, कामाच्या यशापयशाच्या अर्थाने फिरतोय आणि ज्या हॅपीला बाहेरचा म्हणून हिणवलंय तो गेली पाचशे वर्षं आत येऊन बसलाय.

पण यात मूळ घोटाळा वेगळाच आहे. शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ म्हणजेच खरा अर्थ, असं धरून चालणं. तसं असतं तर मराठीत शेंगदाण्याचं तेल म्हणताच आलं नसतं, कारण तेल हा शब्द तिळावरून आलाय, तेल म्हणजे तिळाचं ते. तबल्यात प्रवीण असं कोणाला म्हणता आलं नसतं, कारण प्रवीण मुळात वीणा वाजवण्यात तरबेज, असं परंपरेने सांगतात. गवेषणा करणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना गाई शोधायला पाठवावं लागलं असतं. शब्द कुठून आला हे त्याचं चरित्र झालं, आज तो काय करतो ही त्याची नोकरी. तुमच्या लेकीला प्रोजेक्टमध्ये दोन्ही लिहू दे, पण एकाच्या जोरावर दुसऱ्याला उपदेश करायला लावू नका.

आता बाकीच्या शब्दांकडे येते, सगळ्यांवर सारखंच लिहिण्यात अर्थ नाही, काहींच्या कथा रंगतदार आहेत आणि काहींच्या नाहीत.

ग्लॅड जुन्या इंग्लिशमध्ये चकाकणारा, तेजस्वी अशा अर्थाने होता, मग चेहरा उजळलेला, मग खूश. जर्मनमधला त्याचा भाऊ 'ग्लाट' आता गुळगुळीत, निसरडा अशा अर्थाने उरलाय, घासूनपुसून चकचकीत केल्यासारखा. परीक्षेच्या दृष्टीने एकच लक्षात ठेवायचं, ग्लॅड सहसा नामाच्या आधी लावत नाहीत, "शी इज ग्लॅड" चालतं पण "अ ग्लॅड गर्ल" कानाला खटकतं, तिथे हॅपी लागतो.

मेरी मला फार आवडतो. मेरी ख्रिसमसमधला मेरी. त्याचं मूळ ज्या जुन्या जर्मानिक (म्हणजे इंग्लिश, जर्मन यांच्या पूर्वज भाषेतल्या) शब्दापर्यंत नेतात त्याचा अर्थ 'थोडा वेळ टिकणारा' असा होता. म्हणजे वेळ कसा गेला कळलंच नाही, ते मेरी. लॅटिनमधून आलेला 'ब्रीफ' त्याच कुळातला, आणि आपल्या संस्कृतातला मुहुः, म्हणजे क्षणात, एकाएकी, जो मुहूर्तात बसलाय, त्यालाही भाषाशास्त्रज्ञ याच कुळात घालतात. लग्नाच्या हॉलवर मुहूर्ताची घाई चाललेली असते तेव्हा मेरीचा लांबचा भाऊ मांडवातच उभा असतो असं म्हणायला हरकत नाही. आजच्या ब्रिटिश बोलीत मेरीचा एक अर्थ 'किंचित चढलेला' असाही आहे, तो प्रोजेक्टमध्ये नको.

चिअर म्हणजे चेहरा. अगदी शब्दशः. जुन्या फ्रेंचमध्ये तो चेहरा याच अर्थी होता, इंग्लिशमध्ये आल्यावर चेहऱ्यावर दिसणारा मूड, मग चांगला मूड, मग आदरातिथ्य आणि खाणंपिणं, मग ओरडून दिलेलं प्रोत्साहन. आता इथे सावध राहा, चिअर आणि आपला चेहरा हे ऐकायला जुळे वाटतात पण त्यांचं काही नातं नाही, चेहरा फारसीतून आलाय आणि त्याचं मूळ वेगळं. चिअरचं मूळ ग्रीकमधल्या डोकं या अर्थाच्या शब्दाकडे नेतात आणि तो नातेवाईक निघतो आपल्या शिराचा. कानाला सारखं लागलं म्हणजे नातं जुळलं असं नसतं, व्युत्पत्तीत सगळ्यात जास्त लोक इथेच पडतात. अशी कानावर बेतलेली व्युत्पत्ती कट्ट्यावर ऐकायला छान वाटते, कोशात टिकत नाही.

फेलिसिटीचा वापर आता कमीच, पण त्याचं भावंड पुण्यात जोरात आहे, फेलिसिटेशन! आपल्याकडे दर रविवारी कोणत्या ना कोणत्या हॉलमध्ये कोणाचा ना कोणाचा सत्कार असतोच. लॅटिनमधल्या 'फेलिक्स' चा जुना अर्थ फळ देणारा, सुपीक असा होता, त्यावरून भाग्यवान, त्यावरून सुखी. आणि आपण सत्कारात काय देतो? शाल आणि श्रीफळ. हा निव्वळ योगायोग आहे, म्हणजे हॅप, पण रोमन माणसाला नारळ बघून बरं वाटलं असतं.

ब्लिसचं मूळ 'ब्लाइद' या शब्दाशी, म्हणजे मोकळा, प्रसन्न. पुढे ब्लेस या दिसायला जवळच्या शब्दाशी त्याची सरमिसळ झाली आणि ब्लिसला धार्मिक, स्वर्गीय रंग चढला, म्हणून आज ब्लिस म्हटलं की आपल्याला ब्रह्मानंद आठवतो. ब्लेस स्वतः मात्र बहुधा 'ब्लड' वरून आलाय, बळीच्या रक्ताने पवित्र करणं असा त्याचा अर्थ होता असं मानतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी मराठी-संस्कृतची बाजू थोडी सांगते, कारण अकरावीच्या मुलीला तिथून चार गुण जास्त मिळू शकतात. आपल्या हर्षाचं मूळ हृष् या धातूत, अर्थ केस, रोम ताठ उभे राहणं. रोमहर्षक म्हणजे अंगावर काटा आणणारं. आणि लॅटिनमध्ये याच धातूच्या भावापासून आलाय हॉरर! एकाच काट्याचं आपण सुख केलं आणि रोमनांनी भय, तरी मराठीने हर्षवायू ठेवून दोन्हीकडे पाय ठेवलाय म्हणा. सुखाची परंपरेने दिली जाणारी फोड सु अधिक ख, ख म्हणजे छिद्र, रथाच्या चाकाचं आस बसायचं भोक. ते नीट असलं की रथ सुरळीत चालतो, ते सुख, बिघडलं की खडखडाट, ते दुःख. आधुनिक अभ्यासकांपैकी काहींना ही फोड पटत नाही पण ऋग्वेदात सुख हे विशेषण रथाला लावलेलं आहे एवढं पक्कं. पावसाळ्यात आपल्याकडच्या रस्त्यांवरून दुचाकी काढणाऱ्याला या व्युत्पत्तीवर वेगळं पटवून द्यायला लागत नाही.

आता कामाचा भाग, कारण उगम कळून उपयोग काय असं कोणीतरी विचारणारच. हॅपीचा जुना अर्थ मेलेला नाही, तो वाक्यांत लपून बसलाय आणि मराठी माणूस नेमका तिथे अडखळतो. "अ हॅपी अॅक्सिडेंट" म्हणजे आनंदी अपघात नव्हे, सुदैवाने घडलेली गोष्ट. "अ हॅपी कॉइन्सिडन्स" म्हणजे दुधात साखर पडावी असा योगायोग. "नॉट अ हॅपी चॉइस ऑफ वर्ड्स" म्हणजे शब्द दुःखी नाहीत, चपखल बसलेले नाहीत, जरा चुकलेच. हॅपचा नातेवाईक नाही पण अर्थाने याच घरात शोभणारा आणखी एक शब्द सेरेंडिपिटी, न शोधता चांगलं काही हाती लागणं, तो होरेस वॉलपोल या इंग्लिश लेखकाने २८ जानेवारी १७५४ च्या एका पत्रात स्वतः बनवला, सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. सेरेंडिप म्हणजे श्रीलंका, आणि ते नाव अरबीमार्गे आपल्या सिंहलद्वीपावरून गेलेलं.

आणि आपण रोज देतो त्या शुभेच्छा बघा. हॅपी दिवाळी, हॅपी न्यू इयर, हॅपी बर्थडे. इथे हॅपी कोण आहे? माणूस नाही, दिवस. तो दिवस, ते वर्ष चांगल्या योगाचं जावो. म्हणून मराठीत शुभ दीपावली हे बरोब्बर बसतं आणि 'आनंदी दिवाळी' कानाला परकं वाटतं, कोणी शिकवलं नसतानाही आपल्या लोकांनी जुना अर्थ पकडलाय. हॅपी जर्नीचंही तसंच, इंग्रज माणूस सहसा "हॅव अ सेफ ट्रिप" वगैरे म्हणतो, हॅपी जर्नी ही आपल्याकडची लाडकी, बसवर नि हायवेच्या पाट्यांवर रंगवलेली, पण तिला चूक म्हणणाऱ्या मास्तरांना सांगा की प्रवास सुखरूप होवो हा अर्थ हॅपीच्या मूळ स्वभावाला धरूनच आहे.

नोकरीच्या इंग्लिशमध्ये हॅपी आणखी सौम्य होतो. "आय अॅम हॅपी टु वेट" म्हणजे मला थांबायला अत्यानंद होईल असं नाही, थांबायला हरकत नाही, बस. "आर यू हॅपी विथ थर्सडे?" म्हणजे गुरुवार चालेल का. हिंजवडीत काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मला क्लायंटचा मेल दाखवला होता, त्यात लिहिलं होतं "वी आर नॉट एंटायरली हॅपी विथ द बिल्ड" आणि त्याच्या टीमने मराठीत आपसांत त्याचं केलं होतं "ते तसे खूश आहेत, पूर्णपणे नाहीत एवढंच". मी म्हटलं अरे बाबा, इंग्रज माणूस जेव्हा 'नॉट एंटायरली हॅपी' लिहितो तेव्हा तो वैतागलेला असतो, आपल्या भाषेत "हे काय चाललंय?" असं वाच. त्यांनी त्या रात्री बसून काम परत केलं.

प्रोजेक्टसाठी कुठे बघायचं? ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्याची पद्धत अशी की जुन्यात जुन्या पुस्तकांतून वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवायची, प्रत्येक चिठ्ठीवर सालासकट, आणि मग त्या काळाच्या क्रमाने लावायच्या, की अर्थ कसा सरकला ते आपोआप दिसतं. १८८४ ला त्याचा पहिला भाग निघाला आणि १९२८ ला पहिली आवृत्ती पूर्ण झाली. हीच पद्धत बघायला ऑक्सफर्डला जायला नको, येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ पासून याच धर्तीवर चालू आहे, डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केलेलं, तिथल्या चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात आहे, पहिला खंड निघाला तो १९७६ ला आणि अजून गाडी 'अ' मध्येच आहे. हे वाचून लोक हसतात, पण ज्याने एका शब्दाच्या चिठ्ठ्या स्वतः काळाप्रमाणे लावून बघितल्यात तो हसत नाही. मराठी शब्दांसाठी कृ. पां. कुलकर्णींचा १९४६ चा व्युत्पत्ति कोश, कॉलेजच्या लायब्ररीत मिळेल, नाहीतर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांकडे चौकशी करा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश कोश तर इंटरनेटवर फुकट शोधता येतो.

लेकीला सांगा, चारपाच शब्द घेऊन प्रत्येकी दोन ओळी लिहिण्यापेक्षा हॅप एकटा घे आणि त्याची वंशावळ काढ: वर नॉर्स, खाली हॅपन, हॅपी, परहॅप्स, मिसहॅप, हॅपलेस, आणि प्रत्येकापुढे शतक नि एक वाक्य. शेजारी भाग्य, नशीब, श्चास्त्ये यांची चौकट, तेवढ्यावर पान भरतं. फॉरवर्डमधलं हॅपनिंगचं वाक्य मात्र घालू नको म्हणावं, बाईंनी कोश उघडला तर तिथेच पकडतील. आणि ब्लेसचं रक्त लिहिणार असेल तर तोंडी परीक्षेत त्यावरच विचारणार हे धरून चाला, दोन ओळी पाठ करून ठेवायला सांगा.